दगडी चेहऱ्याचा नवरा मुलगा

माझं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, आणि महिन्याभरातच ते मोडायच्या बेतात आलं. पत्रिकेत खोट निघाली नव्हती, मानपानावरून कुणी रुसलं नव्हतं. कारण होतं एक इंग्रजी सिनेमा, तोही पत्त्यांचा.

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आम्ही बसवनगुडीत राहायचो. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन बेंगळुरात मुरलेलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत होते, मी गांधी बझारजवळच्या शाळेत धाकट्या वर्गांना शिकवायची. आई होती, आणि होती आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, त्यांची अक्का. लग्नानंतर वर्षाच्या आतच विधवा होऊन ती माहेरी परत आली होती. तेव्हापासून घरातली लोणची, पापड आणि माणसं तिच्या ताब्यात. दुपारची जेवणं आटोपली की शेजारच्या बायका आमच्या पडवीत जमायच्या आणि आत्या इस्पिटांचा, म्हणजे पत्त्यांचा, जोड बाहेर काढायची. पैसे लावून खेळायला अण्णांची सक्त मनाई होती, म्हणून चिंचोके लावायचे. पण हरलेला चिंचोका देताना आत्याचा चेहरा असा व्हायचा, की समोरचीला वाटावं आपण हिची बांगडी उतरवून घेतोय.

नवरा मुलगा पुण्याचा. त्यांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, आता या वयात काय घेणार? 'हे' म्हणजे हे. शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. वर्षापूर्वी नोकरीसाठी इकडे आले होते आणि जयनगरात एका सहकाऱ्याबरोबर खोली घेऊन राहत होते. जयनगरात तेव्हा घरं कमी आणि दोऱ्या लावून आखलेल्या रिकाम्या जागाच जास्त.

मला बघायला आले, तेव्हा आईनं मिरचीची भजी केली होती. आमच्याकडच्या मिरचीची पुण्याच्या माणसाला कल्पना नसते. यांनी अख्खी मिरची तोंडात घातली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक जे काही उमटत गेलं, ते बघून मी पदरात तोंड लपवलं. पाणी पिऊन झाल्यावर ते स्वतःच मोठ्यानं हसले. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. त्याच्या चेहऱ्यावर काही लपत नाही." मलाही तेच आवडलं होतं. बोलायचेही भरभरून. विनोद सांगताना अर्ध्यावरच स्वतःला हसू यायचं आणि शेवट कुणाला कळायचाच नाही.

साखरपुडा झाल्यावर एका शनिवारी हे आले आणि कॉलर नीट करत अण्णांना म्हणाले, "दंडूत एक इंग्रजी चित्रपट लागलाय. आपली परवानगी असेल तर यांना घेऊन जावं म्हणतो." दंडू म्हणजे कँटोनमेंट, आमच्या दृष्टीनं जवळजवळ विलायतच. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. "अक्कालाही घेऊन जा."

आत्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ती लगेच तयार झाली, आणि थिएटरात शिरल्याबरोबर आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

सिनेमा सुरू झाला. गोष्ट अमेरिकेतली. नायक पत्ते खेळून पोट भरणारा. नोकरी नाही, धंदा नाही, गावोगावच्या हॉटेलांत उतरायचं आणि पोकर खेळायचं. हे आत्याच्या कानाशी लागून मराठीत सांगत होते आणि आत्याला ऐकवून उरलेलं माझ्यापर्यंत पोचत होतं.

"पोटासाठी खेळतो?" आत्यानं विचारलं. तिची कुजबुज पुढच्या तीन रांगांना ऐकू जायची. "म्हणजे नोकरीच की ही! आणि आमचा भाऊ म्हणतो पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग."

मग एक बाई आली. पांढरे हातमोजे घातलेली, सिगारेट ओढणारी. तीही पत्तेच खेळायची, आणि पुरुषांना हरवायची. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली. नायक त्या बाईच्या प्रेमात पडला. मध्येच एक म्हातारा खेळाडू नायकाला काहीतरी सांगतो. ते ऐकून यांनी सांगायचंच सोडून दिलं.

"काय म्हणाला तो?" आत्यानं कोपरानं ढोसलं.

"म्हणाला, ज्याचा चेहरा बोलतो तो हरतो," हे म्हणाले, आणि स्वतःच्या गालांवरून हात फिरवत बसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेवटी त्या दोघांचाच डाव रंगतो. टेबलाभोवती सगळे श्वास रोखून उभे. नायक आपली पानं बघतो, त्या बाईकडे बघतो आणि पानं पालथी टाकून उठतो. बाई जिंकते. तो दार उघडून बाहेर जातो, ती तशीच बसून राहते, आणि सिनेमा संपतो. त्याच्याकडे कुठली पानं होती, हे काही दाखवत नाहीत.

परतताना गांधी बझारातल्या हॉटेलात आम्ही डोसे मागवले आणि डोसे यायच्या आधीच भांडण सुरू झालं.

"त्याच्याकडे जिंकायची पानं होती," हे म्हणाले. "तिच्यासाठी टाकली त्यानं. प्रेम म्हणतात ते हेच."

"कसलं प्रेम?" आत्या म्हणाली. "पानं वाईट आली, टाकली. मीही टाकते. काल दुपारी मी पानं टाकली, तर समोरच्या शेट्टीणबाईवर माझं प्रेम आहे काय?"

"अहो आत्या, पण त्याचा चेहरा बघितलात ना? काही म्हणजे काही दिसू दिलं नाही त्यानं."

"मग तुम्हाला कुठनं दिसलं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चटणी अजून मागवू का?" खरं सांगायचं तर माझ्या मनात ती हातमोजेवाली होती. तिला काय वाटलं असेल, हे कुणी विचारतच नव्हतं.

आत्यानं डोशाचा शेवटचा तुकडा संपवला आणि यांना म्हणाली, "उद्या रविवार आहे. या घरी. तीन पत्ती शिकवते. पोकरचीच धाकटी बहीण ती. मग बघू चेहऱ्यानं किती खेळता येतं."

दुसऱ्या दिवशी हे आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. आणि चेहरा? चेहरा नव्हताच. म्हणजे नाक-डोळे जागच्या जागी होते, पण त्यामागचं माणूस कुठेतरी निघून गेलं होतं. अण्णांनी दारातच आपला ठरलेला विनोद केला, "या, पुण्याहून पायी आलात की काय?" एरवी या विनोदावर हे गदगदून हसायचे. त्या दिवशी म्हणाले, "नाही. बसनं."

आईनं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात, केलं होतं. "जमलंय का?" तिनं विचारलं.

"हं."

"स्वल्प अजून वाढू?"

"नको."

माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावं तसं. मग पडवीत आत्यासमोर बसले ते दुपारभर. मी दोनदा कॉफीच्या निमित्तानं गेले. पहिल्यांदा दोघांची काहीतरी हलक्या आवाजात बोलणी चालली होती, मला बघून दोघंही गप्प झाली. दुसऱ्यांदा गेले तर यांच्यासमोर चिंचोक्यांचा ढीग होता आणि आत्याच्या कपाळावर आठ्या. जाताना "येतो" एवढंच म्हणाले.

मधल्या वारी लग्नाच्या हॉलसंबंधी काही विचारायला आले, तेव्हाही तसंच. पुढच्या रविवारीही तसंच. त्या रविवारी मी मुद्दाम जांभळी साडी नेसले होते, ती त्यांना आवडते असं त्यांनीच सांगितलं होतं. साडीकडे नजर गेली, तिथे क्षणभर थांबली आणि परत पत्त्यांवर आली. ओठ हलला नाही की भुवई उठली नाही.

ते गेल्यावर आई स्वयंपाकघरात डोळे पुसायला लागली. "त्याचं मन उडालंय. पुण्याची कुणीतरी दाखवली असणार त्याच्या आईनं."

"तसं नाही," अण्णा म्हणाले. ते ओसरीवर येरझारा घालत होते. "मला वाटतं, आपली भाषा खटकली त्याला. तू त्याला 'स्वल्प वाढू का' म्हणालीस. पुण्यात 'थोडं' म्हणतात."

"तुम्ही नाही का 'सरी, सरी' करत?"

"म्हणूनच म्हणतो. आजपासून या घरात शुद्ध मराठी."

तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. अण्णा प्रत्येक वाक्यापूर्वी थांबून शब्द तपासायचे. आई तर बोलायचीच बंद झाली, खुणांनीच काम भागवायची. भाजीवाल्याशीसुद्धा अण्णा शुद्ध मराठीत बोलले, आणि तो बिचारा टोपली उचलून पुढच्या घरी गेला. मला हसायला हवं होतं, पण हसू येत नव्हतं. शाळेत मुलं पाढे म्हणायची आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. मला वाटायचं, मीच आवडले नसेन. मी सावळी होते, बोलण्यात हेल होता, आणि यांना मी पसंत आहे हे मी त्यांच्या चेहऱ्यावरच वाचलं होतं, त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. आता तो चेहराच मिटला होता.

एकटी आत्या काही बोलत नव्हती. आई तिला म्हणाली, "तुम्ही तर दोन रविवार त्याच्यासमोर बसलात. तुम्हाला काही बोलला का?"

"मला काय बोलणार?" आत्या तांदळातले खडे निवडत म्हणाली. "पत्ते खेळताना कुणी बोलतं होय?"

गुरुवारी रात्रीची जेवणं झाल्यावर अण्णांनी निर्णय सांगितला. "उद्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जातो. सरळ सांगतो, तुमच्या मनात नसेल तर आमची काही सक्ती नाही. मुलीचा बाप आहे म्हणून मी कुणाच्या गळ्यात पडणार नाही." त्यांचा आवाज स्थिर होता, पण पानाला चुना लावताना बोट चुकलं. आत्यानं खडे बाजूला टाकायचे ते तांदळातच टाकले.

मला राग आला. अण्णांचा नाही, यांचा. ज्याला नको म्हणायचंय त्यानं येऊन म्हणावं. माझ्या बापानं का जावं?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही. लालबागेच्या भिंतीकडेनं चालत थेट जयनगर गाठलं. कारखान्याची बस जिथे माणसं सोडायची, तिथे एका झाडाखाली उभी राहिले. आजूबाजूला विटांचे ढीग, अर्धवट भिंती, चरणाऱ्या दोन म्हशी. लग्न ठरलेल्या मुलीनं असं रस्त्यात उभं राहणं तेव्हा काही साधं नव्हतं. पण मी हलले नाही.

बस आली. चार-पाच जणांमागून हे उतरले. मला पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला, अगदी मिरचीच्या भज्यांच्या दिवशी होता तसा. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी तो विझवून टाकला. मी डोळ्यांनी पाहिलं, विझवताना.

"तुम्ही इथे?"

"तुम्हाला हे लग्न करायचंय की नाही, तेवढं सांगा," मी म्हटलं. "अण्णा संध्याकाळी येणार आहेत तुमच्याकडे. त्यांना यायला लावू नका. मला सांगा, मी त्यांना सांगते."

"कशासाठी येणार आहेत?"

"तुम्हाला मोकळं करायला."

हे त्या विटांच्या ढिगावर बसलेच. हातातला डबा खाली पडला, झाकण घरंगळत म्हशींच्या दिशेनं गेलं. "मोकळं? मला? अहो, पण मी काय केलं?"

"काही केलं नाहीत, म्हणून तर! हसत नाही, बोलत नाही, माझ्याकडे बघत नाही. आई रडतेय. अण्णा भाजीवाल्याशी शुद्ध बोलतायत."

"अहो, मी सराव करत होतो!"

"कसला?"

"चेहऱ्याचा!" ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हातांच्या आडून सगळी गोष्ट बाहेर आली. पहिल्या रविवारी आत्यानं त्यांच्याशी पैज लावली होती. तीन रविवार खेळायचं. तीनांपैकी दोन रविवार यांनी जिंकले, तर पुढच्या सिनेमाला आत्या येणार नाही, आम्ही दोघंच जायचं. आत्या जिंकली तर लग्नापर्यंत ती मधल्या खुर्चीवर. पैज घरात सांगायची नाही, कारण आत्या पैजा लावते हे अण्णांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. एक रविवार हे जिंकले होते, एक आत्या. तिसरा यायचा होता.

"आणि मधल्या वारी आलात तेव्हा? तेव्हा तर पत्ते नव्हते."

"सवय मोडू नये म्हणून," हे पडेल आवाजात म्हणाले. "खोलीवरही तसाच बसतो मी. माझा सहकारी म्हणतो, डॉक्टरला दाखव."

मला हसू फुटलं. थांबवलं तरी थांबेना. मग तेही हसायला लागले, आणि बसमधून उतरलेली माणसं वळून वळून बघायला लागली. हसून झाल्यावर मी डोळे पुसले आणि म्हटलं, "पण मला कसं कळायचं? तुम्ही तोंडानं तर कधी काही म्हणाला नाहीत."

ते उठून उभे राहिले. शर्टाला विटांची लाल धूळ लागली होती. एकदा घसा खाकरला, दोनदा खाकरला. "तुम्ही मला आवडता," ते म्हणाले. "तुमचं 'स्वल्प' म्हणणंसुद्धा आवडतं. जांभळी साडी नेसलात त्या दिवशी माझ्या हातात तीन राजे होते आणि मी ते टाकून दिले. कळलंच नाही काय हातात आहे ते. तो रविवार त्यामुळेच हरलो."

म्हशीच्या पायाजवळून डब्याचं झाकण मीच उचलून आणलं.

अण्णा घरातून निघायच्या आत पोचायचं म्हणून आम्ही भराभर निघालो. लालबागेच्या कडेनं, पहिल्यांदाच दोघंच. पंधरवडाभर तुंबलेलं सगळं बोलणं हे वाटेत बोलले. कारखान्यातले किस्से, आईच्या चित्रान्नाची तारीफ, अण्णांच्या विनोदावर उशिरानं आलेलं हसू. मला एक शब्द मध्ये घालता आला नाही, आणि घालायचाही नव्हता.

घरी पोचलो तेव्हा अण्णा कोट घालून, छत्री घेऊन दारातच होते. आम्हा दोघांना एकत्र बघून ते आधी माझ्यावर डोळे वटारणार होते, पण यांनी वाकून त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. पैजेसकट. सांगताना हुंदका आणि हसू दोन्ही एकदम येत होतं. अण्णांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि आत वळून हाक मारली, "अक्का!"

आत्या बाहेर आली. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. मला त्या क्षणी कळलं, त्या म्हाताऱ्या अमेरिकन खेळाडूला आमच्या आत्याकडे शिकवणीला पाठवायला हवं होतं.

"इतके दिवस घर रडतंय आणि तू गप्प बसलीस?" अण्णा म्हणाले.

"तू पैजेवरून ओरडला असतास."

"मग काय करणार होतीस? लग्न मोडू देणार होतीस?"

"आज सांगणार होते," आत्या म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही रे माझ्या. तू निघालास की सांगायचं, असं सकाळपासून ठरवतेय. तोंड उघडत नव्हतं." ती माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती क्वचितच करायची. अण्णांनी कोट काढून खुंटीला लावला. आई त्या आठवड्यात पहिल्यांदाच खणखणीत आवाजात म्हणाली, "सरी, सरी! आता कुणी कॉफी घेणार का?"

तिसरा रविवार झाला, पण या वेळी सगळ्यांसमोर. यांनी चेहरा मोकळा सोडला होता. चांगलं पान आलं की डोळे लकाकायचे, वाईट आलं की खांदे पडायचे. आत्यानं त्यांना पार धुतलं. एक चिंचोका शिल्लक ठेवला नाही. त्यामुळे ठरल्याप्रमाणे पुढच्या सिनेमालाही ती आली. तो पौराणिक होता आणि तिनंच निवडला होता. रांगेत शिरताना तिनं मला पुढे ढकललं आणि स्वतः कडेच्या खुर्चीवर बसली. "मधे बसलं की मान अवघडते," ती म्हणाली, आणि मध्यंतरापर्यंत आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. मध्यंतरात मात्र तिला शेंगदाणे हवे होते.

लग्न मार्गशीर्षात झालं. आम्ही जयनगरातच दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. सुरुवातीला समोर नुसतं माळरान होतं, रात्री कोल्हे ओरडायचे, आणि नळाचं पाणी यायचं तेव्हा शेजारीपाजारी एकमेकांना हाका मारायचे. हळूहळू घरं उठत गेली, दुकानं आली, रस्त्यांना झाडं लागली. दोन्ही मुलं त्याच घरात वाढली. आत्या दर महिन्याला बसनं यायची आणि स्टॉपपासून आमच्या दारापर्यंत जेवढी नवी घरं लागायची, तेवढ्यांना नावं ठेवत यायची. कुणाचं दार आखूड, कुणाचा जिना चुकीच्या दिशेला. हे तिच्या बरोबरीनं चालत, तिची पिशवी धरून, प्रत्येक घराची बाजू घ्यायचे, आणि दोघांचा वाद माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.